मदत हवी आहे: पोहता न येणाऱ्या आई-बाबांना पोवळी दाखवायचीत, लक्षद्वीपचं अगत्ती की अंदमानचं नील?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. भाताची सुगी आणि मळणी आटोपली की जानेवारीअखेर आई-बाबांना घेऊन एखाद्या शांत बेटावर जायचं चाललंय. समुद्र त्यांना नवा नाही. चोर्ला उतरला की गोवा, आणि मालवणात तर आमची सोयरीकच आहे. पण मागं गोव्याच्या किनाऱ्यावरची गर्दी बघून बाबा म्हणाले, "ह्यापेक्षा यल्लम्माच्या जत्रेत निवांत असतंय की रे." शिवाय टीव्हीवर पाण्याखालची पोवळी बघितल्यापासून त्यांचं एकच विचारणं, हे खरंच असं असतंय काय?

बाबा तरुणपणी विहिरीत सूर मारायचे, पण आता सत्तरी उलटली. आई पाण्यात उतरणारच नाही, आणि तिचे गुडघे चार पायऱ्यांनाही कुरकुरतात. दोघंही माळकरी, त्यामुळे मासळीच्या घरचं ताटही चालत नाही. स्कूबा, स्नॉर्केलिंग बाद. काचेच्या तळाची बोट एवढाच मार्ग दिसतोय.

माझा ओढा लक्षद्वीपकडे. ती बेटं पोवळ्यांचीच बनलेली. ३६ बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन, वस्ती फक्त दहांवर. लाटा बाहेरच्या प्रवाळकड्यावर फुटतात, म्हणून आतलं उथळ पाणी शांत. रेल्वेनं एर्नाकुलम आणि कोचीहून जहाज, नाहीतर अगत्तीचं विमान. पण तिथला परवाना भारतीयांनाही लागतो, आणि आपल्या सीमाभागातल्या कागदांचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाबांच्या आधारवर नावापुढे नुसती आद्याक्षरं, मतदार कार्डावर पूर्ण नाव, आणि आडनावाचं स्पेलिंग कन्नड उच्चारावरून तिसरंच.

दुसरा पर्याय अंदमानातलं नील, म्हणजे आताचं शहीद द्वीप. वयस्कर माणसांना घेऊन कुणी जाऊन आलंय काय? तुम्ही असता तर कुठं नेलं असतं?

शहापूरकर:
जहाजाचा विचार सोडा ओ. कोचीहून बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात, ते एक वेळ झोपून निघतील. खरी गंमत पुढं आहे. बऱ्याच बेटांवर मोठं जहाज आत येत नाही, प्रवाळकड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं. तिथं हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरायचं. खलाशी दंडाला धरून उतरवतात, पोरांना मजा वाटते, पण आमच्या मावशीनं डोळे मिटून विठ्ठलाचा धावा केला होता.

जायचंच तर विमानानं अगत्ती आणि मुक्काम तिथंच. कोचीहून दीड तास. गोव्यात मोपाहूनही २०२४ मध्ये सेवा सुरू झाली, आपल्याला तेच जवळ; चालू वेळापत्रक तेवढं बघून घ्या. विमान लहान, जागा लवकर संपतात, आणि परवाना विमानानं जाणाऱ्यालाही चुकत नाही.

जेवणाचं मात्र कठीण. भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो, तिथलं खाणं ट्यूना आणि नारळ. आधी सांगितलं तर वरण-भात करून देतात, पण स्वयंपाकघर तेच.

गुंजी_हॉल्ट:
एवढ्या लांब कशाला? मुर्डेश्वरजवळ नेत्राणी आहे की.

शहापूरकर:
नेत्राणीला बेटावर उतरू देत नाहीत, लोक डायव्हिंगला जातात. पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला तिथं होडी हलताना उलट्या करण्यापलीकडं काम काय?

खारं_पाणी:
मी नील म्हणेन, आणि माळकरी आहेत म्हणून तर नक्कीच. नील म्हणजे अंदमानचा भाजीचा मळा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथं वसवलं, आजही भात, भाजी, केळी, सुपारी हेच चालतं. तुमचे बाबा शेतकरी असतील तर पोवळ्यांपेक्षा बांधावर जास्त रमतील, सांगून ठेवतो.

बेळगावहून बंगळूर, तिथून विमानानं श्री विजयपुरम (पोर्ट ब्लेअरचं हे नाव २०२४ पासून), पुढं फेरीनं साधारण दोन तास. परवाना नाही, फोटो ओळखपत्र पुरे. फेरी थेट धक्क्याला लागते. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच, काचेच्या बोटी तिथंच. मात्र बोटीत चढताना थोडं पाण्यातून जावं लागतं आणि शिडी चढावी लागते. आईंना दोघांनी धरा, आणि वेळ भरतीची बघा; ओहोटीत पाणी फार मागं जातं. लक्ष्मणपूरकडचा नैसर्गिक पूल ओहोटीतच बघता येतो, पण वाट ओल्या खडकांवरून. तिथं आईंना नेऊ नका.

आणि बाबांना आधीच सांगा, टीव्हीतले रंग दिसणार नाहीत. पाणी आधी तांबडा रंगच शोषून घेतं. कॅमेरावाले खाली दिवे नेतात म्हणून ते लालभडक दिसतं. वरून पोवळी बहुतेक तपकिरी, हिरवट दिसतात. तपकिरी म्हणजे मेलेलं नव्हे, उलट पोवळ्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा तो रंग. समुद्र तापला की ते शेवाळ निघून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं, लक्षद्वीपला २०२४ मध्ये पुन्हा. तेव्हा "पांढरं किती सुंदर" असं कुणी बोटीत म्हणालं तर बाबांनी खुशाल दुरुस्त करावं. तुकडा मात्र उचलून आणू नका, देव्हाऱ्यासाठीसुद्धा नाही. कायद्यानं गुन्हा आहे.

मलप्रभाकाठ:
होडी बदलण्याचं वाचून लक्षद्वीपचं जहाज मनातून गेलं, आणि अगत्तीला आईच्या ताटाचा प्रश्न सुटत नाही. नीलच ठरवतो. बाबांना भाजीच्या मळ्याचं सांगितलं, तर लगेच "तिकडं वांगी कसली असतात?" पोवळी राहिली बाजूला. जाता-येता सेल्युलर जेलही होईल, त्यांच्या मनात ते कधीपासूनच आहे. आता एकच विचारतो, फेरी सरकारी बरी की खासगी? आणि तिथं दिवस किती लवकर मावळतो?

खारं_पाणी:
जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बोट सकाळीच करा; संध्याकाळी हरिपाठाला वेळच वेळ. फेरी खासगी घ्या, नंबराची खुर्ची मिळते, रांगेत उभं राहणं कमी. आणि परतीचं विमान असेल त्या दिवशी नीलहून निघू नका, आदल्या दिवशीच श्री विजयपुरमला येऊन राहा. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, विमान थांबत नाही.