सगळीकडे एकच शब्द असलेल्या ३०० लिंका विकत घ्याव्यात का? (गिरगावातलं कल्हईचं दुकान)

ठाकूरद्वार_नाका

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देणं तुम्हालाही जड जाईल.

गिरगावात माझ्या सासऱ्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. पुढे विक्री, मागे कल्हईची भट्टी. कथील, नवसागर, सगळं दुकानातच आणि काम सासऱ्यांच्या नजरेसमोर. जुनी गिऱ्हाइकं आता बोरिवली, डोंबिवली, विरारला गेली. त्यांच्या सुना-मुली कल्हईवाला फोनवर शोधतात, म्हणून वेबसाइट केली आणि ती मी सांभाळते.

अडचण अशी की "मुंबईत कल्हई कुठे करून मिळेल" असं काही शोधलं की आम्ही दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर जे दुकान आहे तिथे भट्टीच नाही, ते भांडी बाहेरून करून आणतात. याचं वाईट वाटतं.

आता एका एजन्सीचा फोन आलाय. महिन्याला दुसऱ्यांच्या साइट्सवरून आमच्या साइटकडे नेणाऱ्या ३०० लिंका, सगळ्या "मुंबईतील सर्वोत्तम कल्हई" याच शब्दांवर, आणि "डीए ५०च्या वरच्या साइट्सवरून" (डीए म्हणजे साइटच्या वजनाचा आकडा म्हणे). सासरे म्हणाले, तुला कळतं तसं कर. पण पैसा त्यांच्या घामाचा आहे, त्यामुळे नीट समजून घेतल्याशिवाय हो म्हणणार नाही.

दोन गोष्टी सांगा. लिंकेवर कोणते शब्द आहेत यावरून गुगल खरंच वर-खाली करतं का? आणि दादरच्या एक बाई स्वयंपाकावर ब्लॉग लिहितात, त्यांनी आमच्याकडून कल्हई करून घेतल्याचं छान लिहिलंय, पण लिंक "इथे क्लिक करा" अशी दिलीय. ती वायाच गेली का?

---

माटुंगा_रोड

ताई, मी अजून शिकतोय, त्यामुळे यामागचं तत्त्व तेवढं सांगतो.

१९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगलची रचना सांगणारा शोधनिबंध लिहिला. लोकांना त्यातला पेजरँक आठवतो. एखाद्या पानाकडे किती पानं नेतात आणि ती पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं महत्त्व काढायचं. त्यासाठी त्यांनी एक माणूस कल्पिला, जो लिंकांवर मनाला येईल तसा क्लिक करत फिरतो आणि कंटाळला की भलत्याच पानावर उडी मारतो. तो न कंटाळता पुढे जाईल याची शक्यता त्यांनी साधारण ०.८५ धरली होती.

पण त्याच निबंधात अँकर टेक्स्टवर, म्हणजे लिंकेवर दिसणाऱ्या शब्दांवर, वेगळा भाग आहे आणि मला तो जास्त आवडतो. लिंकेवरचे शब्द ज्या पानावर लिहिलेत त्याचेच न मानता, ती लिंक जिथे नेते त्या पानाच्या खात्यावरही जमा करायचे. का, तर पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा दुसऱ्यांनी केलेलं त्याचं वर्णन पुष्कळदा जास्त अचूक असतं. चित्रं, प्रोग्रॅम, डेटाबेस अशा वस्तूही यामुळे सापडतात, ज्यांच्यात वाचायला मजकूर नसतो. त्या वेळी त्यांच्याकडे २.४ कोटी पानं होती आणि अँकर २५.९ कोटींहून जास्त. ही कल्पना आपल्या आधी वर्ल्ड वाइड वेब वर्म या सर्च इंजिनात वापरली गेली होती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

याची ताकद जगाला कळली २००३च्या सुमारास. अनेकांनी ठरवून "दारुण अपयश" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या साइटवरील परिचयाची लिंक दिली. त्या परिचयात ते शब्द नव्हते, तरी ते शोधलं की तेच पान सगळ्यात वर यायचं. जानेवारी २००७ मध्ये गुगलने अल्गोरिदम बदलून यावर उपाय केला.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, शब्दांचा परिणाम होतो. आज किती होतो, ते अनुभवी लोक सांगतील.

---

घाटकोपर_पूर्व

मी माझ्या भावाच्या ट्रॅव्हल्ससाठी अशा लिंका घेतल्या होत्या. काही महिने मस्त वर होतो, फोनही येत होते. नंतर घसरलो, पण तोवर सीझन निघाला होता. सगळेच करतात, तुम्हीच का मागे राहा? घ्या आणि बघा.

---

परळ_वर्कशॉप

ठाकूरद्वार ताई, कृपा करून घेऊ नका. मी या कामात गुगल टूलबारवर पेजरँकची हिरवी पट्टी दिसायची तेव्हापासून आहे. (ती २०१६ मध्ये लोकांसाठी बंद झाली.) छोट्या दुकानदारांचे पैसे अशा पॅकेजांत बुडताना फार पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाटकोपर, तुमचा अनुभव खरा आहे. अशा लिंका कधीकधी काही काळ चालतात. पण हंगामी धंद्याचं गणित तुम्ही पिढीजात दुकानाला लावताय. ताईंचं दुकान पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे आणि वेबसाइटचा पत्ताही तोच राहणार आहे.

२४ एप्रिल २०१२ला गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. रोख मुख्यतः लिंकांच्या बनवाबनवीवर होता. त्यात पकडली जाणारी ठळक खूण म्हणजे शेकडो ठिकाणांहून आलेल्या लिंका आणि सगळ्यांवर अक्षरशः तेच विक्रीचे शब्द. तेव्हा पेंग्विन अधूनमधून चालवला जायचा. एकदा सापडलात की साफसफाई करूनही पुढच्या फेरीपर्यंत थांबा. ऑक्टोबर २०१४ नंतरची मोठी फेरी थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आली. या मधल्या काळात लोकांनी दुकानं आवरलेली मी पाहिलीत. २०१६ पासून तो गुगलच्या मूळ यंत्रणेचाच भाग झाला आणि अशा लिंकांमुळे सबंध साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकांचं मोल काढून घेण्याकडे कल गेला. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही त्यांची यंत्रणा लिंका विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या अशा दोन्ही साइट्स ओळखायला वापरतात.

म्हणजे आज बहुतेकदा काय होईल? ३०० लिंका मोजल्याच जाणार नाहीत आणि सासऱ्यांचे पैसे गेले. वाईटात वाईट म्हणजे गुगलचा माणूस हाताने कारवाई करतो आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकांसाठी गुगलने दिलेलं साधन) तशी नोटीस येते. आणि "डीए ५०" ऐकून दबून जाऊ नका. डीए हा मॉझ नावाच्या खाजगी कंपनीने स्वतःच्या माहितीवरून काढलेला आकडा आहे, गुगल तो वापरत नाही.

आता शब्दांकडे येते, कारण मूळ गोष्ट तीच आहे. दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, नाक्यावर पत्ता विचारला की लोक आपल्या तोंडचं नाव सांगतात. अँकर टेक्स्ट म्हणजे ते. ते तुमच्या हातात नसतं, म्हणून त्याला किंमत. "मुंबईतील सर्वोत्तम कल्हई" असं गिरगावात, दादरला, कुठेच कोणी बोलत नाही.

शिवाय मराठीत हे सोंग लगेच उघडं पडतं, असं माझं निरीक्षण आहे. आपली भाषा शब्दाला विभक्ती लावते. खरा माणूस लिहिताना "कल्हईसाठी गिरगावात गेले", "परातीला कल्हई करून आणली", "पितळेच्या पातेल्यात आमटी कळकली म्हणून यांच्याकडे दिलं" असं लिहिणार, आणि लिंक वाक्यात जिथे बसेल तिथे देणार. दहा जणांच्या लिंकांवर दहा रूपं सापडतील. एजन्सीच्या ३०० लिंकांवर मात्र एकच न वाकणारा तुकडा असेल, वाक्याच्या मधोमध ठोकलेला. वाचणाऱ्या माणसालासुद्धा तो खटकतो.

दादरच्या बाईंची लिंक वाया गेलेली नाही. "इथे क्लिक करा" या शब्दांतून पानाचा विषय कळत नाही, तेवढंच. पण लिंक आहे, तिच्यामुळे तुमचं पान गुगलला सापडतं, वजनही मिळतं. स्वयंपाकावरच्या, लोक खरंच वाचतात अशा लेखातून ती आलीय. ३०० भाडोत्री लिंकांपेक्षा मी ती एक घेईन. त्यांना जमलं तर "गिरगावातलं कल्हईचं दुकान" असं काहीतरी लिहा म्हणून प्रेमाने विचारा, शब्द मात्र त्यांचेच असू द्या. त्यांना पैसे किंवा फुकट भांडं देऊन लिहून घेतलंत, तर त्या लिंकेला "स्पॉन्सर्ड" किंवा "नोफॉलो" ही खूण लावायला सांगा, म्हणजे ही लिंक वजनासाठी धरू नका असं गुगलला कळतं; गुगलचा तसा नियम आहे. ब्लॉगांच्या कमेंट्समध्ये लोक लिंका फेकायचे म्हणून गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून २००५ मध्ये नोफॉलो आणलं. "स्पॉन्सर्ड" २०१९चं.

आणि ज्या लिंकांवरचे शब्द शंभर टक्के तुमच्या हातात आहेत, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही: तुमच्याच साइटच्या आतल्या. मेनूत काय लिहिलंय ते सांगाल का?

---

ठाकूरद्वार_नाका

परळ ताई, मनापासून आभार. एजन्सीला आजच नाही म्हणून कळवते.

मेनूत "मुख्यपान", "आमच्याविषयी", "सेवा", "उत्पादने", "संपर्क" असं आहे. कल्हईची सगळी माहिती "सेवा"मध्ये. आणि मुख्यपानावर पातेलं, परात, तांब्या, घंगाळ यांचे फोटो आहेत, त्यांच्यावर बोट ठेवलं की त्या-त्या पानावर जातं. फोटोंखाली काही लिहिलेलं नाही.

अजून एक. काही वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत आमच्यावर लेख आला होता, तो त्यांच्या साइटवर अजून आहे. त्यात "ठाकूरद्वारच्या या दुकानात अजूनही भट्टीवर कल्हई होते" या वाक्यावर आमची लिंक आहे. पण आता त्यावर क्लिक केलं की "पान सापडले नाही" येतं. ज्यांनी साइट नव्याने करून दिली त्यांनी सगळे पत्ते बदलले.

---

माटुंगा_रोड

फोटोंचं सोपं आहे. फोटोलाच लिंक असेल तर त्याचा ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारे, कोडमध्ये लिहिलेले शब्द) अँकर टेक्स्ट म्हणून धरला जातो. तो रिकामा असेल तर गुगलला तिथे काहीच वाचता येत नाही. "पितळी परात", "तांब्याचं घंगाळ" असं साधं लिहा. खरं तर फोटोखाली दिसतील असे शब्दही द्या, सासूबाईंच्या वयाच्या गिऱ्हाइकांना ते बरं पडेल. आणि क्लिक जावास्क्रिप्टने (पानातल्या प्रोग्रॅमने) चालतं की साध्या एचरेफ लिंकने (कोडमध्ये पत्ता सरळ लिहिलेल्या), ते साइट करून देणाऱ्यांना विचारून घ्या. एचरेफ नसेल तर गुगल ती लिंक म्हणून खात्रीने धरत नाही.

---

परळ_वर्कशॉप

माटुंगा बरोबर सांगतोय. मेनूतलं "सेवा" काढा आणि सरळ "कल्हई" लिहा. पितळी पातेल्याच्या पानावर, आंबट पदार्थ कल्हईशिवाय शिजवू नये हे जिथे सांगता, तिथूनच कल्हईच्या पानाला लिंक द्या. त्या पानावर भट्टीचा फोटो, कथील-नवसागराची माहिती, कोणत्या भांड्याला किती वेळ लागतो, दर काय, सगळं असू द्या. शोधात तुमच्या वर दिसणाऱ्या त्या दुकानाकडे भट्टी नाही, त्यांना हे लिहिताच येणार नाही. ते पहिल्या पानावर का आहेत, हे लिंकांवरूनच ठरलंय असं धरू नका. "मुंबईत कुठे" अशा शोधात नकाशावरची नोंद फार चालते. तिथे गुगल शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक बघतं. नावलौकिकात लिंका आणि लेख येतात, तसे रिव्ह्यूही येतात. नकाशावर तुमच्या नोंदीत "कल्हई" सेवा म्हणून घातलीय का, ते आजच तपासा.

पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले असतील तर तेही बघा. ब्राउझरमधून कॉपी केले की त्यांच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग उमटते. कोणी तो पत्ता तसाच लेखात चिकटवला, तर वाचणाऱ्याला लिंक कशाची ते कळत नाही आणि अर्ध्यात तुटण्याची भीती वेगळी. मी पत्ते रोमन लिपीत आणि छोटे ठेवते. पण चालू असलेले आता पुन्हा बदलू नका, नवीन पानांपुरतंच हे करा.

आणि तो पुरवणीतला लेख! ताई, तुमच्याकडे सोन्यासारखी लिंक पडून आहे. वर्तमानपत्राच्या वार्ताहराने स्वतःच्या शब्दांत भट्टी, कल्हई, ठाकूरद्वार असं सगळं लिहून दिलंय, आणि ती लिंक बंद दारावर जातेय. साइट करून देणाऱ्यांना सांगा, जुन्या पत्त्यावरून नव्या कल्हईच्या पानावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचेल. सगळे जुने पत्ते सरसकट मुख्यपानावर ढकलू देऊ नका, कारण संबंध नसलेल्या पानावर नेलं तर गुगल ते "सापडले नाही" असंच धरू शकतं. परातीचं जुनं पान परातीच्या नव्या पानावर, घंगाळाचं घंगाळावर. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गुगल म्हणतं, मी म्हणेन कायमचा ठेवा, त्याला खर्च नाही. आणखी कोणते जुने पत्ते तुटलेत ते सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात "४०४" (पान सापडलं नाही) खाली दिसतील, आणि लिंकांच्या अहवालात लोकांनी तुमच्यासाठी कोणते शब्द वापरलेत त्याची यादीही मिळेल. दोन्ही इथे टाका, बघून सांगते.