बंदरावर उतरताना पासपोर्ट कोणाजवळ असावा?

पांझराकाठ, धुळे

सिंगापूर, पेनांग आणि फुकेत अशी समुद्रसफर करून आम्ही उभयता नुकतेच परतलो. गटातील निम्मी मंडळी प्रत्येक बंदरावर पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत अडकवून हिंडत होती, ते पाहून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. पासपोर्ट जहाजावरच्या खोलीतील तिजोरीत ठेवावा आणि उतरताना जहाजाचे कार्ड (जहाजावर चढता-उतरताना दाखवायचे ओळखपत्र), पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांची रंगीत झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये त्यांचा फोटो एवढेच जवळ बाळगावे. जिथे इमिग्रेशनचे अधिकारी मूळ पासपोर्ट पाहतात, तिथे जहाजाकडून आदल्या रात्रीच सूचना मिळते, आणि काही सफरींत तर जहाज पासपोर्ट जमा करूनच घेते. जो कागद हरवल्यास परक्या देशात पोलीस ठाणे आणि दूतावास यांच्यामध्ये खेटे घालावे लागतात, तो मासळी बाजाराच्या गर्दीत मिरवण्याचे कारण मला समजत नाही.

केळीपट्टा, रावेर

अप्पा, तुमचा सल्ला वाचून मला राग आला आणि तो मी लपवणार नाही, कारण नेमका असाच सल्ला मानून आम्ही २०१९ साली इटलीतल्या नेपल्सच्या स्टेशनाबाहेर बाकावर रात्र काढली आहे. आमचे जहाज चिविताव्हेक्किया बंदराला लागले होते. रोम तिथून जवळजवळ ८० किलोमीटर दूर आहे. जहाजाची सहल महाग वाटली म्हणून आम्ही रेल्वेने स्वतःच गेलो, परतीची गाडी वाटेत अडकली आणि आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा जहाज धक्क्यापासून सुटले होते. जहाज स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबते, आपल्या हिमतीवर गेलेल्यांसाठी थांबत नाही. भुसावळला पाणी भरायला उतरलेल्या माणसासाठी गाडी थांबत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की भुसावळला मागून दुसरी गाडी येते.

जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्सला लागणार होते, म्हणून आम्ही रात्रीच रेल्वेने तिथे गेलो. तीन हॉटेलांनी खोली नाकारली, कारण इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद ओळखपत्र पाहून पोलिसांना कळवणे हॉटेलवाल्यांना बंधनकारक आहे आणि झेरॉक्स पुढे करताच ते मान हलवत. माझ्या आईला मधुमेह आहे. ती त्या बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसली होती, हे मी अजून विसरलेलो नाही. तुमची रंगीत झेरॉक्स आमच्याजवळ होती, अप्पा.

सराफ गल्ली, जळगाव

भाऊ, तुमच्या आईंना जो त्रास झाला त्याचे वाईट वाटते, परंतु तुमची हकीकत तुमच्या विरुद्ध साक्ष देते. पासपोर्ट जवळ नसताना तुम्ही नेपल्सला पोहोचलात, सकाळी जहाजावर चढलात आणि सफर पूर्ण केलीत. तो जवळ असतानाची आमची गोष्ट ऐका. त्याच रोममध्ये, स्टेशनावरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे, हे आम्हाला नंतर कळले. पासपोर्ट ठेवलेल्या कमरेच्या पट्ट्याची चेन केव्हा उघडली गेली, ते मला आजही सांगता येणार नाही. युरोपातील बहुतेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा पासपोर्टातच चिकटवलेला असतो, म्हणजे एका झटक्यात दोन्ही गेले. दूतावासाने सौजन्याने इमर्जन्सी सर्टिफिकेट दिले, पण त्यावर फक्त भारतात परतता येते. आमची सफर तिसऱ्याच दिवशी संपली आणि जहाज आमच्या बॅगा घेऊन पुढे गेले. इकडे आल्यावर नेहमीच्या १,५०० रुपयांऐवजी ३,००० रुपये भरले, पोलीस पडताळणी पुन्हा झाली, आणि पुढील व्हिसाच्या अर्जात त्या हरवलेल्या पासपोर्टाचा खुलासा लिहावा लागला.

आमच्या धंद्यात माल तिजोरीत राहतो. तो अंगावर घालून कोणी बाजारात फिरत नाही.

केळीपट्टा, रावेर

आम्ही सफर पूर्ण करू शकलो, कारण पुढचे बंदर त्याच देशात होते. ते ग्रीसमध्ये किंवा तुर्कस्तानात असते तर पासपोर्टाशिवाय विमानात कोणी चढू दिले असते का, एवढेच सांगा. मागे राहिलेल्या प्रवाशांच्या खोलीतून पासपोर्ट काढून जहाजाचे कर्मचारी ते बंदरावरच्या एजंटाकडे देतात, असे मला आता कोणीतरी सांगेल. ते पुष्कळदा तसे करतात. आमच्या वेळी केले नाही.

शिक्षिका, भुसावळ

तुम्ही तिघेही ‘आम्ही’ असे लिहिता, म्हणून विचारते की पासपोर्ट नेमके कोणाच्या कमरेला होते. आमच्या घरी दोन्ही पासपोर्ट, दोन्ही जहाजकार्डे आणि परदेशात चालणारा एकमेव मोबाइल हे सारे यजमानांच्या खांद्यावरच्या पिशवीत असते. बार्सिलोनात रांब्ला नावाच्या रस्त्यावरच्या गर्दीत आमची चुकामूक झाली, तेव्हा माझ्या बटव्यात पाच युरो आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या. माझे नाव, माझा देश, माझे जहाज यांपैकी काहीही सिद्ध करणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. एका फुलवालीच्या दुकानापाशी मी दोन तास उभी होते. तिजोरी की पिशवी हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, कारण माझा पासपोर्ट माझ्या ताब्यात आहे असा एकही दिवस त्या सफरीत नव्हता.

सहल संयोजक, अमळनेर

ताई, हा मुद्दा मूळ विषयाचा नाही. मी १८ वर्षे गट नेत आहे आणि पासपोर्टांचा गठ्ठा माझ्याजवळ ठेवतो, म्हणूनच आजवर एकही हरवलेला नाही. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी, विशेषतः महिला, पर्स हॉटेलात विसरतात, स्वच्छतागृहात विसरतात, आणि मग रात्री माझा दरवाजा ठोठावला जातो. घरातील जबाबदार माणसाने सर्वांचे कागद सांभाळले तर त्यात अपमान कसला?

शिक्षिका, भुसावळ

३१ वर्षे मी दहावीच्या उत्तरपत्रिका सांभाळल्या, एकही गहाळ झाली नाही. मला जबाबदारी शिकवू नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते आणि तो एकाच व्यक्तीच्या नावाने दिलेला असतो. नवरा किंवा सहल संयोजक त्याचा मालक कधी झाला? तुमच्या हातातली ती गठ्ठ्याची पिशवीच ६४ क्रमांकाच्या बसमध्ये चोरीला गेली असती, तर एकाच वेळी संपूर्ण गट उघडा पडला असता. तो धोका तुम्ही पत्करता आणि विसराळूपणाचा ठपका बायकांवर ठेवता.

सहल संयोजक, अमळनेर

मी कोणाला मालक म्हटलेले नाही. माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत.

सातपुडा, नंदुरबार

ताईंचे म्हणणे विषयाबाहेरचे नाही. माझी आई सही करते, पण इंग्रजी वाचत नाही. मागील वर्षी मलेशियातल्या लंकावी बेटावर जाण्यापूर्वी मी तिच्या गळ्यात तिचेच जहाजकार्ड, जहाजाचे नाव, परत चढण्याची वेळ आणि बंदराच्या एजंटाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अडकवली. तो क्रमांक जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला असतो, तरीही तो कोणी टिपून घेत नाही. संयोजकांना राग आला तरी चालेल, पण वडिलांचा हात सुटला तर आई कोण आहे हे सांगणारी वस्तू आईजवळच हवी.

सराफ गल्ली, जळगाव

एवढे मान्य करतो की आमचे दोन्ही पासपोर्ट एकाच पट्ट्यात नसते, तर निदान पत्नीची सफर वाचली असती. ती मला एकट्याला सोडून पुढे गेली असती की नाही, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. परंतु पासपोर्ट जवळ बाळगावा, हे मी अजूनही मान्य केलेले नाही.

पांझराकाठ, धुळे

मी पेनांग आणि फुकेत पाहून लिहिले आणि ते सर्व बंदरांना लागू केले, ही चूक मला स्वीकारावी लागेल. जहाजाच्याच सहलीने गेलात, तर माझे मत तसेच आहे: पासपोर्ट तिजोरीतच ठेवावा. आपल्या हिमतीने दूर शहरात जाणार असाल आणि पुढचे बंदर दुसऱ्या देशात असेल, तर रावेरचे भाऊ म्हणतात तसे तो जवळ बाळगावा, पण कपड्यांच्या आत, अंगाला लागून असावा, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाजवळ असावा. हे लिहिताना मला आनंद होत नाही. माझ्या पत्नीने ही सारी चर्चा वाचून काल तिचा पासपोर्ट माझ्या कपाटातून काढून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली मात्र मला दिलेली नाही.