पिको-फॉलची पाटी, २ टक्के शास्ती आणि मिळकत कर: वाढीव रक्कम रोखून धरावी का?

होटगीरोडचा:
कर भरायला ना नाही, हे आधीच सांगतो. म्हणजे पहिल्याच प्रतिसादात "सोयी पाहिजेत, कर नको" ऐकायला नको.

प्रकरण असं आहे. सोलापुरातलं आमचं घर तळमजला आणि वर एक मजला. महापालिकेच्या मिळकत कराच्या सर्व्हेची पोरं आली तेव्हा बायको पुढच्या खोलीत मशीनवर बसलेली. दाराला पाटी, 'पिको-फॉल करून मिळेल'. पोरांनी गेटवरूनच टॅबवर फोटो काढला, टेपनं पुढची भिंत मोजली आणि पुढच्या घराकडं गेली. जिना कुणी चढलं नाही. पुढच्या बिलात अख्खा तळमजला 'बिगरनिवासी'. गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, त्यात पाण्याची टाकी आणि मुलांच्या मोडक्या सायकली. ते शेड झालं 'दुसरा मजला, आरसीसी'. बिल दुपटीच्या पुढं गेलं. राहत्या घराला रोजगार हमी कर लागतच नाही, तोही त्यात येऊन बसला.

दुरुस्तीचा अर्ज दिला, आवक नंबर मिळाला. फाईल निरीक्षकांकडं, निरीक्षक वसुलीवर, वसुली मार्चअखेरपर्यंत. मार्च संपला तशी त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात, अर्ज नव्यानं द्या.

माझं म्हणणं एवढंच की चूक त्यांची असताना ती निस्तरेपर्यंत महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माझ्या नावावर का? वर्षाला २४ टक्के झाले. गृहकर्जसुद्धा इतकं महाग नसतं. कायद्यानं दाद मागता येते, महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४०६ त्यासाठीच आहे. पण तिथंही वादातली रक्कम आधी भरा, मग अपील ऐकू. हरकत निकाली निघत नाही तोवर वादातल्या रकमेवर शास्ती चढता कामा नये. आणि ती चढवत असतील तर आपण जुन्या आकारणीइतकी रक्कम भरावी आणि वाढीव रोखून धरावी, गल्लीनं मिळून. पटतंय का बोला.

निवृत्त वसुलीवाला:
नाही पटत. मी सोलापूरला नव्हतो, जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत याच खात्यात उभी हयात गेली. दुसरी बाजू ऐका मालक.

पाटी लावून पैसे घेता, तर तेवढी खोली बिगरनिवासी होणारच. अख्खा तळमजला धरला ते चूक, शेड धरलं तेही चूक. पण "आमचं घरच आहे हो" म्हणणाऱ्यांच्या घरात आम्ही खाली मेडिकल, वर क्लासेस आणि मागं दोन भाडेकरू पाहिलेत. दस्त झाल्यावर तीन महिन्यांत हस्तांतरण कळवायचं असतं. किती जण कळवतात? आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावानं, आणि मग आम्हालाच विचारतात रेकॉर्ड जुनं कसं.

आकारणी वाढवण्याआधी विशेष नोटीस निघते. हरकत तेव्हा घ्यायची. लोक नोटीस वाचत नाहीत आणि बिल आलं की बोंब मारतात.

होटगीरोडचा:
काका, नोटीस आलीच नाही. पोच दाखवा म्हटलं तर रजिस्टरला शेरा, 'घर बंद, दारावर चिकटवली'. म्हणजे कर लावायच्या दिवशी आमच्याकडं दुकान जोरात चालतंय आणि नोटीस द्यायच्या दिवशी घराला कुलूप!

निवृत्त वसुलीवाला:
हे होतं. नाकारत नाही. पण एका निरीक्षकाकडं किती मिळकती असतात हे एकदा बघा, वर त्याला निवडणुकीचं काम.

साखरपेठी:
पिको-फॉलचं काय घेऊन बसलात, पूर्व भागात या. आमच्यात खाली माग आणि वर बिऱ्हाड ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सासऱ्यांच्या काळी खाली चार माग होते, टॉवेल निघायचे. मंदीत माग भंगारात गेले, जमिनीत फक्त बोल्ट राहिले. आता तिथं सासूबाई झोपतात. बिलावर मात्र अजून यंत्रमाग कारखाना. माग बंद झाल्याचा दाखला आणा म्हणतात. कुणाकडून आणायचा? भंगारवाल्याकडून?

आणि विड्या वळणाऱ्या बायकांचं काय? सुपात पानं-तंबाखू घेऊन उंबऱ्यात बसतात. उद्या एखादा टॅबवाला त्याचाही फोटो काढेल. या गावात अर्धे हात घरातच राबतात. घर कुठं संपतं नि धंदा कुठं सुरू होतो हे गेटवरून कसं कळणार?

तरीपण पैसे रोखायला माझा विरोध आहे. तुमच्या सोसायटीत बोअर असेल, टँकर परवडत असेल. आमच्या बोळात थकबाकी म्हटलं की पहिला नळ तोडतात. पाणी आधीच चार-पाच दिवसांआड.

शेळगी साइड:
काय बोललालाव ओ तुम्ही सगळे. आम्ही अर्धा गुंठा घेऊन घर बांधलाव, आमाला बिल लावा म्हणून मागं लागावं लागलं. बिल असलं की पत्त्याला पुरावा होतो, मीटरला होतो, पोराच्या शाळेत होतो. वाढीव आलं म्हणून रडणं हे बंगलेवाल्याचं दुखणं हाय. पहिलं आमच्या लाईनला ड्रेनेज आणा की. हद्दवाढ १९९२ ची हाय, अजून 'नवीन भाग' म्हणलालेत.

काळाकोट नाही:
शेळगी साइड, एक सांगतो, रागावू नका. कराचं बिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, बांधकाम अधिकृत झालं असंही नव्हे. बिनपरवाना बांधकामालाही कर लागतो, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली कराच्या दुपटीपर्यंत दंड लावायचीही तरतूद आहे. गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं बांधकाम, २००१ च्या कायद्यानं नियमित करून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली.

धागाकर्त्यासाठी: साध्या कागदावर 'दुरुस्ती अर्ज' देऊ नका, त्याला घड्याळ लागत नाही. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मिळकत कराच्या सेवा अधिसूचित आहेत. उतारा, हस्तांतरण नोंद, पुनःकरआकारणी, आक्षेप, सगळं. त्या सेवेच्या नावानं अर्ज करा. मुदत टळली की पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. विनाकारण उशीर केला तर संबंधिताला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ आहे, पण स्वतःच्या खिशातून जाते म्हटल्यावर फाईल हलते.

होटगीरोडचा:
हे उपयोगी आहे, करतो. पण बघा हं, त्यांनी उशीर केला तर जास्तीत जास्त ५,०००, तेही मी अपिलात गेलो तर. मी उशीर केला तर त्याच महिन्यापासून २ टक्के, कुणाला विचारायचीही गरज नाही.

कन्ना चौक:
पाटी काढून टाका की राव. कशाला एवढं.

होटगीरोडचा:
म्हणजे बायकोनं उघडपणे चार पैसे मिळवायचे सोडून चोरून मिळवायचे?

वेळेवर भरणारा:
मला तुम्हा दोघांचाही राग आहे. दरवर्षी पहिल्या सहामाहीतच पूर्ण भरतो, सूट मिळते ती चहापाण्याएवढी. आणि जो वर्षानुवर्षं थकवतो त्याच्यासाठी अभय योजना, शास्तीत मोठी माफी, वर लोकअदालतीत तडजोड. होटगीरोडकर, तुमच्या 'रोखून धरा'चा शेवट अभय योजनेतच होणार. थोडं थांबलात तर तुम्हालाही माफी मिळेल. मूर्ख कोण? आम्ही.

निवृत्त वसुलीवाला:
अभय योजना मलाही आवडत नाही, पण ती का येते ते सांगतो. जकात गेली. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि गेला. २०१७ ला जीएसटी आला. पालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर हाच एक उरला. बाकी वाट बघायची ती सरकारी अनुदानाची. पगाराची तारीख आली की वरून फोन येतो, काहीही करा पण वसुली आणा. मग एका हातानं माफी द्यायची आणि दुसऱ्या हातानं थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची. तुम्ही वाढीव रक्कम रोखली तर वरच्या साहेबाला फरक पडत नाही. तुमच्या भागातली कचऱ्याची गाडी मात्र एक दिवस कमी येईल.

डेक्कनला अडकलेला:
नोकरी पुण्यात, घर सोलापुरात, दोन्हीकडं भरतो. पुण्यात स्वतः राहत असाल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. सोलापूरकरानं कुणाचं काय घोडं मारलंय?

निवृत्त वसुलीवाला:
मुंबई पालिकेचं बजेट काही राज्यांपेक्षा मोठं असतं. त्यांच्याशी बरोबरी नको.

साखरपेठी:
एक विचारू? पूर्वी असलं काही झालं की नगरसेवकाच्या घरी जायचो. काम होवो न होवो, तो निदान फोन लावायचा. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. त्या काळात दाद मागायची तर खिडकीसमोरच उभं राहायचं. हे सगळं त्यातच साचलंय असं मला वाटतं.

काळाकोट नाही:
नगरसेवकाचा फोन म्हणजे पद्धत नव्हे ताई. ज्याची ओळख नाही त्यानं काय करायचं?

साखरपेठी:
आमच्यासारख्यांची ओळख तेवढीच असते हो.

होटगीरोडचा:
ताजी बातमी. जुन्या आकारणीइतका चेक दिला. सोबत पत्र, 'हरकत राखून भरणा'. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, पण म्हणाला सिस्टिमला असा पर्यायच नाही, पत्र आवकला द्या. दिलं. चेक वटला. पावती बघतो तर त्यातली बरीचशी रक्कम आधी शास्तीत वळती केलेली, मूळ कर तसाच बाकी. म्हणजे वाढीव रोखून धरायला गेलो आणि जी शास्ती मला मान्यच नाही तीच आधी भरून बसलो.

वेळेवर भरणारा:
आता कळलं आम्ही एप्रिलमध्ये का भरतो?

निवृत्त वसुलीवाला:
पावतीचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. कुठल्या सदरात किती वळतं केलंय ते बघू. आणि पुनःआकारणीच्या अर्जाला शेडचा फोटो जोडा, आतून काढलेला, पत्रे दिसले पाहिजेत. पुढच्या खोलीचं माप स्वतः घेऊन त्यात लिहा, तेवढीच बिगरनिवासी धरा म्हणा. ती खोलीसुद्धा नाकारलीत तर फाईल परत जाईल, हे माझ्याकडून लिहून घ्या.

होटगीरोडचा:
ती खोली दहा बाय बारा. त्यातही अर्ध्या भागात पलंग आहे, काका.

निवृत्त वसुलीवाला:
पलंगाचाही फोटो काढा.