इंदुरात काय खावं, काय घ्यावं, कुठे फिरावं: वेळेसकट सांगा

पुण्या-नाशकाकडचे पाहुणे दोन दिवसांत इंदूर उरकतात आणि निम्म्या गोष्टी भलत्या वेळी खातात. दुपारी १२ला पोहे, संध्याकाळी ७ला सराफा (रात्रीचा खाऊबाजार), मे महिन्यात गराडू (हिवाळी कंद). मग म्हणतात, एवढं काय त्यात! म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा: कधी, कुठे, किती, आणि कुठे फसतं. लहानपणीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

रामबागवाले

पोह्यांपासून सुरू करतो. सकाळी ७ ते १० ही त्यांची वेळ. पुढेही मिळतात, पण तोवर वाफ खाऊन खाऊन गोळा झालेला असतो.

इंदुरी पोहे कढईत परतलेले नसतात, खरा फरक तिथेच आहे. जाड पोहे एकदाच धुऊन निथळायचे, मीठ, साखर, हळद चोळायची, वरून मोहरी, बडीशेप आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची. मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून वाफेवर धरायचे. घरी करायचे तर २ वाट्या पोह्यांना १ चमचा बडीशेप, दीड चमचा साखर आणि चाळणीत १० मिनिटं वाफ. चाळणीचा तळ पाण्याला टेकला की खालचा थर चिकट झालाच म्हणून समजा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पोह्यांवर ठिबकतं. कांदा फोडणीत नाही, वरून कच्चा. त्यावर शेव, जीरावन मसाला, लिंबू, कुठे कुठे डाळिंबाचे दाणे. सोबत जिलेबी, एक घास तिखट, एक गोड. उसळ-पोहे हा मात्र वेगळा प्रकार, त्यात झणझणीत रस्सा असतो. पोटाचा अंदाज घेऊन मागवा.

ओट्यावरचा

सराफा म्हणजे दिवसा सोन्या-चांदीची पेठ. दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढच्या गल्लीत खाण्याची दुकानं लागतात. साडेआठच्या आधी जाऊन उपयोग नाही, १० नंतर रंग चढतो, रात्री एक-दीडपर्यंत चालतं. गाडी आत नेऊ नका. सुभाष चौकातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावून राजवाड्यावरून चालत या.

चौघं असाल तर प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट घ्या. चार-चार घेणारे तिसऱ्या दुकानावरच गळपटतात. क्रम असा ठेवा: आधी भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, मग खोपरा पॅटिस (बटाट्याच्या आत ओल्या नारळाचं सारण, फार गरम असतं, फोडून जरा थांबा), मग दहीवडा. जोशींकडे वाटी हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून मसाले वेगवेगळे सोडतात. गर्दी ते पाहायलाच जमते, पण वडाही मऊ असतो. साबुदाण्याची खिचडी इथे वाफेवर गरम ठेवतात आणि देताना फराळी चिवडा, मसाला, लिंबू घालून कालवतात. आपल्या तुपातल्या परतलेल्या खिचडीशी तुलना करू नका.

गोड शेवटी. जलेबा म्हणजे जिलेबीचा थोरला भाऊ. एकच जवळजवळ पाव किलोचा भरतो आणि वजनावर विकतात. रबडीबरोबर चौघांत एक बास. आणि शिकंजी! लिंबूपाणी समजून मागवाल तर फसाल. इंदुरी शिकंजी आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेवा घातलेली, जवळपास बासुंदीच. एक ग्लास दोघांत.

हिवाळी पाखरू

गराडूबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. हा एक कंद आहे, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच खरा. बाकी वर्षभर कुणी "गराडू" म्हणून काही दिलं तर नमस्कार करून पुढे जा.

दोनदा तळतात. मोठे तुकडे आधी मंद आंचेवर आतपर्यंत शिजू द्यायचे, काढून पूर्ण गार करायचे. गिऱ्हाईक आलं की लहान तुकडे करून कडक तेलात दुसऱ्यांदा. वरून गराडूचा मसाला आणि भरपूर लिंबू. पहिल्या तळणीनंतर गार केलं नाही तर वरून करपतो आणि आत गिच्च राहतो. घरी सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. 

भुट्ट्याच्या किसालाही हंगाम आहे: पावसाळ्यातलं देशी कणीस. अमेरिकन मक्याला पाणी आणि गोडी दोन्ही जास्त, कीस खिरीकडे झुकतो. प्रमाण: ६ कणसं किसून, २ मोठे चमचे तूप, मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी, कीस ८-१० मिनिटं परतून कच्चा वास गेल्यावरच १ कप गरम दूध. दूध आधी घातलं की गुठळ्या होतात. जाड बुडाची कढई हवीच, मक्याचा स्टार्च पटकन तळ धरतो.

शीतलामाता गल्ली

खाण्यावरच धागा संपेल असं दिसतंय, म्हणून खरेदीचं. राजवाड्याच्या आसपास पायी फिरण्याइतक्या अंतरात पेठा आहेत आणि प्रत्येकीचा माल ठरलेला. साड्या-ड्रेसचं कापड शीतलामाता बाजारात, पुस्तकं-वह्या खजुरी बाजारात, मसाले आणि पूजेचं सामान मारोठिया बाजारात, मोबाईल आणि विजेच्या वस्तू जेल रोडवर, घाऊक किराणा सियागंजला. सकाळी ११च्या आधी निम्मी शटरं खाली असतात. १२ ते ३ जा. संध्याकाळी तिथे चालायला जागा उरत नाही.

माहेश्वरी साडी घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. काठ उलटा करा: बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो म्हणून साडी दोन्हीकडून नेसता येते. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत, दोन पांढरे. आणि किनारीला ठरावीक अंतरावर टाचणीएवढी भोकं दिसली तर बिचकू नका, हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या त्या खुणा. अगदी गुळगुळीत, एकसारखी आणि निम्म्या किमतीची असेल तर ती यंत्रमागाची. वाईट नाही, पण किंमत तशीच द्या. गडद रंगाची पहिली धुणी ड्रायक्लीनला टाका.

जीरावन

नमकीन नेणाऱ्यांसाठी. रतलामी शेव, लवंग शेव, लसूण शेव चाखून मग घ्या, चाखायला कुणी नाही म्हणत नाही. घाण्यावरून नुकतीच उतरलेली गरम शेव पिशवीत बंद करून घेऊ नका. आत वाफ धरते, घरी पोचेपर्यंत नरम. गार झालेली मागा. जीरावन पाव किलोपेक्षा जास्त नको: धने, जिरं, बडीशेप, लवंग, सुंठ, आमचूर, काळं मीठ असं सगळं त्यात. मीठ आणि आमचूर हवेतलं पाणी ओढतात, महिन्याभरात खडे होतात. कोरड्या काचेच्या बरणीत, ओला चमचा घालायचा नाही.

नवलखा

मुलं बरोबर असतील तर नवलख्याचं प्राणिसंग्रहालय सकाळी करा, सोमवारी बंद असतं. दुपारच्या उन्हात वाघ सावलीत पडलेला दिसतो, बस. पिपल्यापाल्याच्या तळ्यावर संध्याकाळी बोटिंग. जेवायला तिथून छप्पन दुकान या खाऊगल्लीत या, गल्लीत वाहनं नाहीत, मुलांना मोकळं सोडता येतं. जॉनीचा हॉट डॉग म्हणजे गोल पावात टिक्की, लांबडं सॉसेज शोधू नका. अंड्याचा बेंजो (पावातलं ऑम्लेट) खायचा तर लगेच खा, गार झाला की रबर.

पावसाळ्यात पातालपाणीला जाल. तिथे धबधब्याच्या वरच्या पात्रात उतरू नका, गुडघाभर पाणी असलं तरी नाही. डोक्यावर ऊन असतानाही वरच्या भागात पाऊस झाला की लोंढा मिनिटभरात येतो. २०११ साली तिथे एक कुटुंब असंच वाहून गेलं. कठड्याच्या अलीकडूनही धबधबा पुरता दिसतो.

ओट्यावरचा

एक राहिलं. रंगपंचमीच्या गेरीला (रंगाच्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी सराफ्याचा बेत करायचा नाही. गेर बघायची तर गाडी लांब ठेवा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला. टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, भिया, कुणाला सोडत नाहीत.