बायकोच्या विश्वासावर नवऱ्याचं तारण?

एकाचा विश्वास असला की जोडीदारही आपोआप तरला, म्हणजे पापातून सुटला, आणि आधार काय तर बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र ७:१४? मला नाही पटत. विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळे 'पवित्र' होतो असं पौल लिहितो खरं. पण दोनच वचनं पुढे तोच विचारतो की बाई, तू नवऱ्याला तारशील हे तुला कशावरून ठाऊक? नवरा आधीच तरला असता तर हे विचारलंच कशाला असतं? मुळात तिथे प्रश्न आहे अशा जोडप्याने वेगळं व्हावं का, हा.

दीक्षाभूमीवरही (तिथे तारणाची कल्पना नाही, मान्य) १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा घेताना बाबासाहेबांबरोबर त्यांच्या पत्नी माईसाहेबांनीही त्रिशरण, पंचशील स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या घरी आई दर रविवारी चर्चला जायची. बाबा स्कूटरवर फाटकापर्यंत सोडायचे आणि समोरच्या टपरीवर पेपर उघडून बसायचे. आई म्हणायची, "अहो, प्रार्थना मी करते तुमच्यासाठी, पण 'हो' तुम्हालाच म्हणावं लागेल." बाबा नुसते हसायचे, आणि ती बाहेर येईपर्यंत तिच्यासाठी तर्री-पोहे बांधून घेतलेले असायचे. तर्री वेगळ्या पिशवीत.