मूळ पुरुष क्लेमझिगचा, पण कुठल्या क्लेमझिगचा?

बरोसाची सून

माझं सासर साउथ ऑस्ट्रेलियातलं, बरोसा खोऱ्यातलं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातून आलेलं जुनं लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) घराणं. कपाट आवरताना सासूबाईंनी घरचं जर्मन बायबल माझ्या हातात ठेवलं, "तुला असल्या उचापती आवडतात, बघ काही लागतंय का."

पहिल्या कोऱ्या पानावर मूळ पुरुषाचा जन्म नोंदवलाय: योहान अमुक तमुक, १८११, क्लेमझिग. तारखेपुढे "८बर" आहे, म्हणजे ऑगस्ट असावा. आता क्लेमझिग हे तर अ‍ॅडलेडचं उपनगर, आणि १८११ मध्ये अ‍ॅडलेडचाच पत्ता नव्हता! जर्मनीच्या नकाशावर हे गाव मिळत नाही. तो १८३८ मध्ये कॅप्टन हानच्या 'झेब्रा' जहाजातून आला असं घरात सगळे ठासून सांगतात, पण हॅम्बर्गच्या प्रवासी याद्यांत ते सालच नाही. त्यात आजेसासऱ्यांच्या बहिणीच्या १९२० च्या सुमाराच्या पत्रावर पत्ता आहे "गाझा". त्यावरून घरात दंतकथा, की आत्याबाई मिशनरी होऊन पॅलेस्टाइनला गेल्या. सुरुवात कुठून करू?

दफ्तरखाना

ताई, आत्याबाई कुठेही गेल्या नव्हत्या, बसल्या जागी त्यांचं गाव बदललं. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोकांचं डोकं फिरायचं. १९१७ च्या कायद्यानं साउथ ऑस्ट्रेलियातली ६९ जर्मन नावं पुसायचं ठरलं. हानडॉर्फचं अ‍ॅम्बलसाइड झालं, लोबेथालचं ट्वीडव्हेल आणि क्लेमझिगचं गाझा, पॅलेस्टाइनमधल्या गाझाच्या लढाईवरून. ही तिन्ही जुनी नावं १९३५ मध्ये परत आली. मधल्या काळातली कागदपत्रं नव्या नावानं शोधा.

मूळ क्लेमझिग आता पोलंडमध्ये आहे, सुलेखुफजवळचं क्लेंप्स्क. कावेल तिथलेच पाद्री. प्रशियाच्या राजानं लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रोटेस्टंट पंथ एकत्र करून नवी उपासनापद्धत लादली, ती न मानणारे कावेल यांच्यामागे निघाले. प्रवासाला पैसे जॉर्ज फाइफ अँगसनं कर्जाऊ दिले. हॅम्बर्गच्या याद्या १८५० पासूनच्या, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. शिवाय 'झेब्रा' सुटलं ते हॅम्बर्गशेजारच्या आल्टोनाहून, आणि आल्टोना तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे.

'झेब्रा'बद्दल मला शंकाच आहे. कावेलसोबतची मंडळी 'प्रिन्स जॉर्ज'नं आधी पोचली आणि त्यांनी अ‍ॅडलेडजवळ नवं क्लेमझिग वसवलं. 'झेब्रा'वाल्यांनी १८३९ मध्ये हानडॉर्फ. कॅप्टन हानचं नाव गावालाच लागल्यामुळे पुढे ज्याला त्याला आपला पूर्वज त्याच्याच जहाजात बसवायचा असतो. तेव्हा जहाज आधी ठरवू नका, पहिली जमीन कुठे घेतली ते पाहा.

आणि "८बर" म्हणजे ऑक्टोबर. लॅटिनमधला आठ. ७बर सप्टेंबर, ९बर नोव्हेंबर.

शाईचा_डाग

जुनं जर्मन हस्ताक्षर असेल तर इंग्रजी 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो. 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. आडनाव वाचून झालं असं वाटलं तरी प्रत्येक 'एन'कडे पुन्हा संशयानं बघा.

"योहान"वर तर शोधूच नका. एकाच घरात चार भाऊ, चौघेही योहान. हाक मारायचे दुसऱ्या नावानं. त्यापेक्षा अ‍ॅडलेडच्या लुथरन अर्काइव्हजमध्ये मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मागवा आणि धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारे) कोण होते ते उतरवून घ्या. ते बहुधा नात्यातले किंवा मूळ गावचेच निघतात. आमच्या घराण्याचं गाव असंच लागलं. स्वतःच्या नोंदीत नुसतं "प्रशिया", पण धर्मपित्याच्या कबरीवर गावाचं नाव कोरलेलं.

बरोसाची सून

धन्यवाद! आडनावातला एक 'एन' खरंच 'ई' निघाला, आणि त्या स्पेलिंगनं नागरिकत्वाचा एक अर्जही दिसतोय. आत्याबाईंचं मात्र सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्यांना मिशनरीच आवडतात. थोरल्या मुलांच्या नोंदी एका चर्चमध्ये मिळाल्या. १८४६ नंतरची मुलं त्या वहीत नाहीतच. घर बदललं असेल का?

दफ्तरखाना

घर नसेल, पाद्री बदलला असेल. १८४६ मध्ये बेथनीच्या सभेत कावेल आणि दुसरे पाद्री फ्रिट्शे यांच्यात फूट पडली. नंतर एकाच गावात दोन चर्च आणि दोन वह्या. दुसऱ्या बाजूची वही मागवा.