युरोपात रेल्वे की भाड्याची गाडी? मदत हवी आहे (शुक्रवारच्या आत)

रानजाई (मंगळवार, रात्री १०.४२)
मे महिन्यात स्वित्झर्लंड आणि इटलीला चाललो आहोत. रेल्वेने फिरावं की गाडी भाड्याने घ्यावी, एवढंच ठरत नाहीये. नवरा म्हणतो गाडी, मी म्हणते रेल्वे. गेले तीन रविवार घरात हाच विषय. बाकी सगळं झालंय. गाडी आत्ता नुसती धरून ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत फुकट रद्द करता येते. जुने धागे वाचले, त्यांत दहा वर्षांपूर्वीचे भाव आहेत. कृपया थेट उत्तर द्या.

खिडकीशेजारी
रेल्वे. डोळे झाकून. स्विस ट्रॅव्हल पास घ्या, ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, सगळं त्यात. वय १६ च्या आतली मुलं आईवडलांबरोबर फॅमिली कार्डवर फुकट. त्या देशात जाऊन गाडी चालवायची म्हणजे रत्नागिरीत जाऊन आंबा डब्यातला खायचा.

घाटवाट
किती जण? मुलं किती वर्षांची? किती दिवस? कुठून कुठे? ‘स्वित्झर्लंड आणि इटली’ म्हणजे ‘कोकण आणि राजस्थान’ म्हटल्यासारखं आहे. यावर थेट उत्तर कसं द्यायचं?

रानजाई
पाच जण. प्रवास धरून १३ दिवस. झुरिकला उतरायचं, रोमहून परत. गाडीही झुरिकला घेऊन रोमला सोडायची असंच बघितलं आहे.

घाटवाट
पाच जण म्हणजे गाडीच! पाच तिकिटं कशाला काढताय? वाटेल तिथे थांबा, फोटो काढा, निघा. आम्ही २०१८ मध्ये नऊ दिवस चालवली. उजव्या बाजूने चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते. इंडिकेटर मात्र तिकडे डाव्या हाताला असतो. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर माझे वायपर सुरू व्हायचे, कडकडीत उन्हात. मागे बसलेली मंडळी हसून बेजार. पण फुर्का आणि ग्रिमसेल घाटांतून गाडी नेण्यात जी मजा आहे ती रेल्वेत नाही.

खिडकीशेजारी
@घाटवाट, त्या मे महिन्यात जात आहेत. फुर्का आणि ग्रिमसेल बर्फामुळे बंद असतात, साधारण जूनच्या सुमारास उघडतात. मग उरतो गोट्टहार्डचा १७ किलोमीटरचा बोगदा, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या तोंडाशी लागलेली रांग. शिवाय हायवेसाठी ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे हायवे वापरायचा परवाना. एक दिवस चालवा की वर्षभर, ४० च. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायचं शुल्क किती लावलंय ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

घाटवाट
मी ऑगस्टमध्ये गेलो होतो.

सुगरण_नागपूर
खाण्याचं काय ठरवलंय? मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप नेऊ नका. बाकरवडी, मेतकूट, चटण्या, भाजणी चालते. स्विस हॉटेलात एक सूप आणि पाव खाऊन बिल बघितलं की भूक आपोआप मरते, म्हणून सांगते.

रानजाई
खाण्याचं माहीत आहे, धन्यवाद. रेल्वे की गाडी?

निवांत_काका
कशाला हा व्याप? ग्रुप टूर घ्या. टूर मॅनेजर बॅगा मोजतो, संध्याकाळी वरणभात मिळतो. आम्ही अकरा दिवसांत सहा देश केले.

खिडकीशेजारी
काका, सहा देश केलेत की सहा देशांची स्वच्छतागृहं?

निवांत_काका
तुमच्या वयात मीही असंच बोलायचो.

बाझलकर
पंधरा वर्षं इकडे स्वित्झर्लंडमध्ये राहतो, म्हणून काही प्रश्न. गाडी चालवणार कोण? त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय परमिट आहे का? क्रेडिट कार्ड कोणाच्या नावावर आहे? गाडी ऑटोमॅटिक की गिअरची?

रानजाई
नवरा चालवणार. कार्ड माझं, बुकिंगही मीच केलंय. परमिट लागतं का? वेबसाइटने तर काही विचारलं नाही. घरची गाडी ऑटोमॅटिक आहे, तीही तशीच असेल ना?

बाझलकर
नसेल. इकडे ऑटोमॅटिक वेगळी मागावी लागते आणि भाडंही जास्त असतं. तुमच्या बुकिंगवर गिअरबॉक्स ‘मॅन्युअल’ लिहिलंय का ते आत्ताच बघा.

कार्डाचं जास्त महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण डिपॉझिट त्यावर अडकवून ठेवतात. माझ्या मेहुण्याचं हेच झालं. लायसन्स त्याचं, कार्ड बायकोचं. काउंटरवरचा मुलगा अगदी हसतमुख, पण चावी काही देईना. दोघं तासभर विमानतळावर बॅगांवर बसून होते. शेवटी बायकोच्या लायसन्सवर गाडी घेतली. तिने चार वर्षांत स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं. जाऊ दे, पुढचं सांगत नाही.

परमिट आरटीओतून काढा, परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज होतो, वर्षभर चालतं. इटलीत ते लागतंच. बरोबर मूळ लायसन्सही ठेवायचं, नुसत्या परमिटला अर्थ नाही.

पावतीपुस्तक
इटलीत गाडी म्हटलं की माझी जखम भळभळते. तिथे जुन्या गावांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे परवानगीशिवाय वाहनांना बंदी. फाटक नाही, पोलीस नाही, नुसता कॅमेरा. जीपीएसने हॉटेलपर्यंत नेलं, आम्ही खूश. सात महिन्यांनी दंडाचं पत्र घरी. एकाच चौकातून तीनदा फिरलो म्हणून तीन दंड. आणि आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याच्या कंपनीने प्रत्येक दंडामागे वेगळे पैसे कापले ते वेगळंच. पार्किंगचंही बघा. पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्यांच्या वाटेला जायचं नाही.

घाटवाट
पाटी वाचली की काही होत नाही. पांढरी गोल पाटी, लाल कडा. दिसली की गाडी बाहेर लावायची आणि चालत आत जायचं.

पावतीपुस्तक
तीस किलोमीटरच्या वेगात, मागून हॉर्न वाजत असताना, इटालियनमध्ये लिहिलेल्या वेळा वाचायच्या. वाचा तुम्ही.

मुळाकाठ
रानजाई, सगळे भांडतायत पण कोणी विचारत नाहीये म्हणून विचारते. हॉटेलं कुठे घेतली आहेत? आणि पाचांत कोण कोण आहे?

रानजाई
आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची, साबा (सासूबाई) आणि साबु (सासरे). साबांचे गुडघे दुखतात, जिने नको म्हणतात. मोठ्या बॅगा चार. राहणं असं: वेंगेनला ४ रात्री, मग टस्कनीत पिएन्झापासून सहा किलोमीटरवर फार्महाऊस ४ रात्री, मग रोम ३. सगळं पैसे भरून झालंय, परत मिळणार नाहीत. हे आधी लिहायला हवं होतं का?

बाझलकर
वेंगेन?

खिडकीशेजारी
अहो, वेंगेनला गाडी जातच नाही! रस्ताच नाही तिथे. लाउटरब्रुनेनला स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवायची आणि दातेरी चाकांच्या रेल्वेने पंधरा मिनिटं वर जायचं. म्हणजे चार दिवस गाडीचं भाडंही भरायचं आणि ती उभी ठेवायचे पैसेही. घ्या, लागला निकाल. रेल्वे!

घाटवाट
वेंगेनपुरता. फार्महाऊसला कोणती रेल्वे जाते सांगा बरं. पिएन्झाला स्टेशनच नाही. सहा किलोमीटर आतल्या कच्च्या रस्त्यावर साबांना बॅगा घेऊन चालवत नेणार का? तिथे गाडी नसेल तर चार दिवस नुसती सुरूची झाडं मोजायची.

मुळाकाठ
दोघंही बरोबर आहात. स्वित्झर्लंड रेल्वेने, टस्कनी गाडीने. प्रश्न मधल्या दिवसाचा आहे. वेंगेनहून निघून लाउटरब्रुनेन, इंटरलाकेन, श्पीत्स आणि मिलान अशी चार वेळा रेल्वे बदलायची, तेव्हा टस्कनीतलं फ्लोरेन्स. अख्खा दिवस जातो. स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या रेल्वेला सीट आरक्षण सक्तीचं आहे, ते विसरू नका. चार मोठ्या बॅगा मात्र नेऊ नका, तीन न्या. पाच माणसं आणि चार बॅगा तशाही साध्या गाडीच्या डिकीत मावत नाहीत. सात सीटची घेऊ म्हणाल, तर मागची रांग उघडली की डिकीच उरत नाही.

घाटवाट
चार बदल, गुडघे दुखणाऱ्या बाईंना! त्यापेक्षा लाउटरब्रुनेनहून गाडीत बसवा, थेट दारात उतरवा.

मुळाकाठ
सहाशेच्या वर किलोमीटर, पहिल्यांदाच उजव्या बाजूने चालवणारा माणूस, शेवटचा टप्पा अंधारात. गुडघ्यांचं सोडा, मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटते. लिफ्ट बहुतेक मोठ्या स्टेशनांवर आहेत, बदलाला वेळ जास्त मिळेल अशी रेल्वे निवडायची. फ्लोरेन्सला कोणत्या वारी पोचणार?

रानजाई
रविवारी संध्याकाळी.

मुळाकाठ
मग भाड्याची गाडी घ्यायला शहरातलं ऑफिस नको, रविवारी बंद मिळण्याची शक्यता. विमानतळावरून घ्या. स्टेशनजवळून टी-२ ट्राम थेट विमानतळाला जाते, वीसेक मिनिटं. खरं तर रात्र फ्लोरेन्सला काढा आणि सोमवारी सकाळी गाडी घ्या. फार्महाऊसची एक रात्र बुडेल, बुडू दे. परत करायला रोममध्ये शिरू नका. गुरुवारी सकाळी ओर्व्हिएतोला सोडा, तिथून रोम रेल्वेने तासाभराच्या थोडं वर. लहान गावांतली ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात, तेवढं सांभाळा.

पावतीपुस्तक
किंवा फ्युमिचिनो विमानतळावर सोडा. तिथून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत रोम टर्मिनी स्टेशन. आणि लेक १५० सेंटीमीटरच्या आत असेल तर बूस्टर सीट मागून घ्या, इटलीत सक्ती आहे. टोलनाक्यावर पिवळ्या रांगेत घुसू नका, ती टॅग लावलेल्या गाड्यांची.

खिडकीशेजारी
पास ४ दिवसांचा घ्या म्हणजे झालं.

बाझलकर
नाही. चार रात्री म्हणजे पाच दिवस, आणि पास सलग दिवसांचा. निघायच्या दिवशी हातात काहीच नाही. शिवाय युंगफ्राउयोख (रेल्वेने जायचं उंचावरचं बर्फाळ ठिकाण) करणार असाल तर पासवर वरच्या टप्प्यात २५ टक्केच सूट मिळते, हाफ फेअर कार्डवर (तिकिटं अर्ध्या दरात देणारं कार्ड) ५० टक्के. ते महिनाभर चालतं. दोन लांबचे प्रवास आणि युंगफ्राउ एवढंच असेल तर हाफ फेअर परवडेल. रोज बोटी आणि गावं करणार असाल तर पास.

खिडकीशेजारी
दर वेळी तिकीट काढत बसायचं म्हणजे सुट्टीचा विचका.

बाझलकर
ॲपवर दोन बोटांचं काम आहे.

निवांत_काका
युंगफ्राउला ३४५४ मीटरवर साबांना चक्कर येईल. आमच्या ग्रुपमध्ये दोघींना आली होती.

रानजाई (शुक्रवार, सकाळी ७.१५)
झुरिक ते रोमची गाडी रद्द केली. देश बदलून सोडायचं शुल्क खाली बारीक अक्षरात होतं, भाड्याच्या जवळपास तेवढंच. आता फ्लोरेन्स विमानतळ ते ओर्व्हिएतो, सोमवार ते गुरुवार, ऑटोमॅटिक, बूस्टरसह, नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याच्याच कार्डावर. त्या कार्डाची मर्यादा वाढवायला टाकली आहे. परमिटसाठी मंगळवारी आरटीओ. हाफ फेअर की पास ते साबा युंगफ्राउला यायचं म्हणतात का त्यावर. बॅगा तीनच, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सुगरण_नागपूर
फार्महाऊसला स्वयंपाकघर आहे का? असेल तर छोटा कुकर न्या.

रानजाई
आहे. पण शेगडी गॅसची की इंडक्शनची ते कुठेच लिहिलेलं नाही. विचारते.